प्रथमोपचार : हाताने शिकावयाचा विषय



पुणे शहरात १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सेवासदनाचे कार्य सुरू झाले. रुग्णसेवा हे कुलीन स्त्रीचे काम नव्हे, असा त्या काळी समज होता. तरीही सेवासदनाने तरुण स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण मिळवून दिले. ते शिक्षण केवळ पुस्तकी नव्हते. हाताने करीत करीत घ्यावयाचे होते. प्रथमोपचार हा त्याच विद्येचा पहिला धडा होय. दहाबारा वर्षांच्या मुलामुलींनाही तो याच रीतीने शिकविता येतो.

खेड्यात त्याची गरज अधिक आहे. दवाखाना दूर असतो. शेतात, विहिरीवर किंवा चुलीपाशी अपघात घडतो, तेव्हा पुष्कळदा जवळ एखादे मूलच असते. पहिली काही मिनिटे ते भेदरून दवडते की कामी लावते, हे शाळेने त्याला काय शिकविले यावर अवलंबून राहते.

रक्त वाहत असल्यास स्वच्छ फडक्याने जखम घट्ट दाबून धरावी. फडके वरचेवर उचलून पाहू नये. भाजल्यास त्या भागावर साधे थंड पाणी २० मिनिटे सोडावे. शाई, हळद वा तेल लावू नये. सर्पदंश झालेल्या माणसास चालू देऊ नये. दंशाचा अवयव स्थिर ठेवून त्यास त्वरित रुग्णालयात न्यावे. चिरा देणे, विष चोखणे, दोरी आवळणे हे उपाय घातक होत. बुडणाऱ्याकडे दोर किंवा लांब काठी टाकावी व मोठ्यांना हाक मारावी. मुलाने स्वतः पाण्यात उडी घेऊ नये. सोबत्याला वाचविताना दोन्ही मुले दगावतात. १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक प्रत्येक मुलास पाठ असावा.

हे नियम फळ्यावर लिहून भागणार नाही. शनिवारी अर्धा तास मुलांनी एकमेकांस पट्टी बांधावी, हात झोळीत अडकवावा, प्रसंग उभा करून मदत मागावी. शिकलेले मूल घरी आजीला ‘भाजल्यावर हळद नको’ असे सांगेल, तेव्हा त्यास उद्धट ठरविले जाण्याचा संभव आहे. म्हणून पालकांनाही एकदा शाळेत बोलवावे आणि मुलांकडूनच प्रात्यक्षिक करवावे. आईबापांनी डोळ्यांनी पाहिले, म्हणजे संकटाच्या वेळी मुलाचा शब्द कोणी मोडणार नाही.