हालचालीच्या भीतीचे मोजमाप
(वार्षिक सभेतील भाषणाचा संपादित मजकूर)



ताप मोजण्यास तापमापक आहे, रक्तदाब मोजण्यास यंत्र आहे. भीती कशाने मोजावी, हा प्रश्न आपणांस चमत्कारिक वाटेल. परंतु कंबरदुखीच्या जुन्या रुग्णांवर उपचार करताना आम्हांस तो नित्य पडतो. तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या किंवा वारंवार उद्भवणाऱ्या वेदनेस दीर्घकालीन वेदना म्हणतात. एवढ्या अवधीत मूळ दुखापत बहुधा भरून आलेली असते. तरीही रुग्ण वाकत नाही, कळशी उचलत नाही, पंगतीस खाली बसत नाही. ‘पुन्हा उसण भरली तर?’ ही धास्ती त्यास अडवते.

कोरी, मिलर आणि टॉड या संशोधकांनी १९९० मध्ये या धास्तीस ‘कायनेसिओफोबिया’, म्हणजे हालचालीचे भय, असे नाव दिले. पुढच्याच वर्षी तिच्या मोजमापासाठी एक प्रश्नावली सिद्ध झाली. अमेरिकेतील टॅम्पा शहराच्या नावाने ती ओळखली जाते. तीत १७ विधाने आहेत. प्रत्येक विधान आपणांस कितपत मान्य आहे, हे रुग्णाने चार पायऱ्यांपैकी एक निवडून सांगावयाचे. चार विधाने उलट अर्थाची असल्याने त्यांचे गुण उलटे धरतात. बेरीज कमीत कमी १७ आणि जास्तीत जास्त ६८ येते. नेदरलँड्समधील व्लायेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ३७ च्या वरील गुण अधिक भीतीचे मानले. ही रेषा केवळ मार्गदर्शक आहे. तो निवाडा नव्हे.

येथे दोन गोष्टी स्पष्ट केल्या पाहिजेत. अस्थिभंग, जंतुसंसर्ग, कर्करोग, पायांतील शक्ती जाणे किंवा लघवीवरील ताबा सुटणे यांची शहानिशा डॉक्टरांनी आधी केलीच पाहिजे. आणि गुण अधिक आले म्हणून रुग्ण ढोंगी अथवा भित्रा ठरत नाही. त्याची वेदना खरीच असते. मात्र भीतीपोटी हालचाल टाळली की स्नायू दुबळे होतात, मन खचते आणि थोड्या श्रमानेही अधिक दुखू लागते. हे दुष्टचक्र व्लायेन आणि स्वीडनचे लिंटन यांनी २००० मध्ये विस्ताराने मांडले.

या चक्रास आपण सारेच नकळत गती देतो. घरची मंडळी मायेने म्हणतात, ‘वाकू नका, आम्ही करतो.’ तपासणीच्या अहवालातील ‘गादी झिजली’ हे शब्द रुग्ण वर्षानुवर्षे उराशी धरून बसतो. वस्तुतः २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यानुसार, पाठीचा कोणताही त्रास नसलेल्यांपैकी विशीतील ३७ टक्के आणि ऐंशीच्या वयातील ९६ टक्के लोकांच्या चकत्यांमध्ये झीज दिसते. पुष्कळदा ही झीज पिकलेल्या केसांसारखी वयाची खूण असते.

परदेशी प्रश्नावलीचे केवळ शब्दशः भाषांतर करून भागत नाही. विधान आपल्या बोलीत तोच अर्थ देते का, हे पडताळावे लागते. वाचता न येणाऱ्या रुग्णास ते सावकाश वाचून दाखवावे लागते. अशा वेळी आईच्या वतीने मुलाने किंवा पतीच्या वतीने पत्नीने उत्तर देऊ नये, असा आमचा आग्रह असतो. भीती ज्याची, उत्तरही त्याचेच हवे.

मोजमापाचा उपयोग पुढे उपचारात होतो. रुग्णास ज्या कामांची भीती वाटते, त्यांची चढत्या क्रमाने यादी करतात. सर्वांत कमी भीतीचे काम तज्ज्ञाच्या देखरेखीखाली आधी करून पाहतात, मग पुढचे. ‘वाकलो, आणि काही बिघडले नाही’ हा स्वानुभव शंभर उपदेशांहून अधिक पटतो. काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरून घेतली, म्हणजे भीती किती ओसरली ते कळते.

यास महागडे यंत्र लागत नाही. एक कागद लागतो आणि फिजिओथेरपिस्टचा निवांत अर्धा तास. त्या अर्ध्या तासावर देणगीदाराच्या नावाची संगमरवरी पाटी लावता येत नाही, हे आम्ही जाणतो. तरीही आपल्या दानाचा काही अंश त्यासाठी राखून ठेवावा, अशी नम्र विनंती आहे. आप्तेष्टांना एवढेच सांगणे : तज्ज्ञांनी अनुमती दिल्यावर रुग्णाच्या हातातील कळशी काढून घेऊ नका, शेजारी उभे राहा.