वाटाड्याचें काम

शिखर गांठणाऱ्याचें नांव गाजतें. वाट काढणारा बहुधा विस्मृतींत जातो. कॉनरॅड केनचेंच पाहा. १८८३ सालीं ऑस्ट्रियांत गरीब घरीं जन्मलेल्या या मुलानें शेळ्या राखल्या, दगडांच्या खाणींत कष्ट उपसले आणि १९०९ सालीं वाटाड्या म्हणून कॅनडा गांठला. १९१३ सालीं रॉबसन पर्वतावर फॉस्टर व मॅकार्थी यांस नेतांना त्यानें कुऱ्हाडीनें बर्फांत शेंकडों पायऱ्या खोदल्या. माथ्यावर पोंचतांच, याहून वर नेणें आपल्या हातीं नाहीं, इतकेंच तो बोलला! उतरतांना चढणीची वाट सोडून त्यानें दुसरी धरली. रात्र पर्वतावरच काढावी लागली, पण दोघेहि सुखरूप परतले. १९३४ सालीं केन निवर्तला. शिखर दाखविणें हें वाटाड्याचें अर्धें काम. माणसें माघारीं आणणें, हें पुरें.