सोडत म्हणजे परीक्षा नव्हे
(मंडळाच्या विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मी काही वक्ता नाही. बँकेत कारकून म्हणून लागलो आणि अधिकारी होऊन निवृत्त झालो. परदेशी शिक्षणावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच की, माझी मुलगी अमेरिकेत एम.एस. झाली, तीन वर्षे तिने तिथे नोकरी केली आणि २०२५ साली ती परत आली. तेव्हापासून लग्नकार्यात, रस्त्यात, बसस्टॉपवर मला एकच प्रश्न विचारला जातो : "का हो, जमलं नाही का तिला?" आज त्याचे उत्तर देतो, कारण तुमच्यापैकी अनेकांची मुले त्याच वाटेवर आहेत.

आधी ती वाट समजून घेऊ. अमेरिकेत शिकायला जाणाऱ्याला एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा मिळतो. पदवीनंतर त्याच व्हिसावर आपल्या विषयाशी संबंधित नोकरी १२ महिने करता येते. तिला ओपीटी म्हणतात. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित या शाखांच्या पदवीधरांना आणखी २४ महिने मिळू शकतात. पहिल्या १२ महिन्यांत एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. वाढीव मुदत मिळाली, तर ही मर्यादा सगळी मिळून १५० दिवसांची होते. त्यापुढे नोकरी करायची, तर बहुतेकांना विद्यार्थी हा दर्जा बदलून एच-१बी हा कामाचा दर्जा घ्यावा लागतो. त्याचा अर्ज विद्यार्थ्याला स्वतः करता येत नाही, तो कंपनीने करायचा असतो.

आणि इथेच सोडत येते. १९९० च्या कायद्याने एच-१बीची वर्षाची मर्यादा ६५,००० ठरवली. मधली काही वर्षे ती वाढवली होती, पुन्हा ६५,००० झाली. अमेरिकेतच मास्टर्स किंवा त्यावरची पदवी घेतलेल्यांसाठी २०,००० जागा वेगळ्या आहेत. इच्छुक कित्येक पटींनी जास्त, म्हणून मार्चमध्ये नावनोंदणी होते आणि संगणक नावे काढतो. म्हाडाच्या घरांची सोडत आपण पाहिली आहे. अर्ज बिनचूक असतो, पैसे भरलेले असतात, तरी नाव लागत नाही. हेही तसेच.

माझ्या मुलीचे नाव तीनदा सोडतीत होते. २०२३ साली वैध नोंदणी ७,५८,९९४ होती. त्यातल्या ४,०८,८९१ नोंदी अशा व्यक्तींच्या होत्या, ज्यांची नावे एकाहून अधिक कंपन्यांनी घातली होती. म्हणजे एकाच कंपनीच्या भरवशावर राहिलेल्या मुलांची संधी तेवढी घटली. त्या वर्षी आम्हालाही एका मध्यस्थाचा फोन आला होता, "पैसे भरा, आणखी दोन कंपन्यांतून नाव घालतो." मुलीने नाही म्हटले. २०२४ पासून नियम बदलला आणि कितीही कंपन्यांनी नाव घातले तरी माणूस एकदाच मोजला जाऊ लागला. २०२५ साली ३,४३,९८१ नोंदींतून १,२०,१४१ निवडल्या गेल्या. साधारण तिघांत एक. आमचे नाव उरलेल्या दोघांत राहिले.

पहिल्या वर्षी तिचा फोन आला तेव्हा मी तिला विचारले, "कुठे कमी पडलीस?" ती थोडा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "पप्पा, ही परीक्षा नव्हती." मित्रहो, आपण गुणपत्रिकेवर वर आलेली माणसे. निकाल म्हटला की तो मेहनतीचाच, असे आपल्या मनात बसले आहे. त्या सवयीने मी माझ्या मुलीला दोषी ठरवले. त्याची रुखरुख मला अजून आहे.

आता विद्यार्थ्यांसाठी चार गोष्टी.

पहिली, कर्ज काढताना हप्ता डॉलरच्या पगारावर मांडू नका. परत येऊन इथल्या पगारात तो फिटेल का, हे आधी पाहा. मी बँकेत आयुष्य काढले आणि तरी हीच चूक केली. आज अर्धा हप्ता मुलगी भरते, अर्धा माझ्या पेन्शनमधून जातो.

दुसरी, विद्यापीठे, त्यांच्याशी संलग्न ना-नफा संस्था आणि ना-नफा वा सरकारी संशोधन संस्था यांना ही मर्यादा लागू नाही. तिथल्या नोकरीसाठी सोडत लागत नाही. हे आम्हाला फार उशिरा कळले.

तिसरी, दर्जाबदलाचा अर्ज निकाली निघण्याआधी अमेरिकेबाहेर पडलात, तर ती दर्जाबदलाची मागणी तुम्ही सोडून दिली असे धरतात. घरच्या आजारपणासाठी धावत येण्यापूर्वी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला विचारा.

चौथी, नियम बदलत राहतात. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेबाहेरील व्यक्तींच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचा भार घातला गेला. देशातच राहून दर्जा बदलणाऱ्यांना तो लागू नाही, असा खुलासा ऑक्टोबरमध्ये झाला. डिसेंबरमध्ये जास्त वेतनश्रेणीच्या नोकरीला सोडतीत जास्त वाव देणारा नियम जाहीर झाला. म्हणून मागच्या वर्षी गेलेल्या मित्राच्या अनुभवावर विसंबू नका.

शेवटी मंडळाच्या सभासदांना एक विनंती. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून बाबासाहेबांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. १९२० मध्ये ते पुन्हा गेले आणि तो पुरा केला. त्यांच्या परत येण्याला आपण अपयश म्हणत नाही. मग आपल्या मुलांच्या परत येण्याला का म्हणावे? माझी मुलगी पुण्यात नोकरी करते, आणि रविवारी मंडळाच्या अभ्यासिकेत मुलांना संगणक शिकवते. तिला भेटलात तर "का परत आलीस?" असे विचारू नका. "काय शिकून आलीस?" असे विचारा. त्याचे उत्तर ती आनंदाने देईल.