भाषेचं घरटं
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



"ऑकलंडमध्ये मराठी शिकवतेस म्हणजे नेमकं काय करतेस?" हे सकाळपासून बऱ्याच जणांनी विचारलं. ते सांगते, पण आधी तिथल्या माओरी आज्यांबद्दल.

न्यूझीलंडच्या शाळांत एके काळी माओरी बोलल्याबद्दल मुलांना मार बसे. ती मुलं मोठी झाली आणि आपल्या पोरांशी इंग्रजीतच बोलू लागली. ज्या भाषेपायी मार खाल्ला, ती पोरांना कोण देणार? १९७२ साली ३०,००० हून अधिक सह्यांचा अर्ज संसदेत गेला, शाळेत माओरी शिकवा म्हणून. पण आठवड्याच्या दोन-चार तासांनी मूल बोलतं होत नाही. १९८२ मध्ये वेलिंग्टनजवळ वाइनुइओमाटाला पहिलं 'कोहांगा रेओ' निघालं. कोहांगा म्हणजे घरटं, रेओ म्हणजे भाषा. शाळेत जायच्या आधीची मुलं आणि त्यांना सांभाळायला भाषा येणारे आजी-आजोबा. जेवण, झोप, गाणी, भांडणं, सगळं माओरीत. मधली पिढी ओलांडून भाषा थेट नातवंडांकडे! १९८७ मध्ये माओरी अधिकृत भाषा झाली. हवाईच्या लोकांनीही हाच मार्ग धरला, त्यांच्या बालशाळांच्या नावाचा अर्थही 'भाषेचं घरटं' असाच आहे.

त्यांच्यापुढे आपलं गाऱ्हाणं मांडायला मला संकोच वाटतो. आपल्याकडून मराठी कुणी छडी मारून काढून घेतलेली नाही.

आमच्या रविवारच्या वर्गात मुलं बाराखडी सुरेख म्हणत आणि तहान लागली की 'वॉटर प्लीज'. मग आम्ही लेकी-सुनांकडे चार-सहा महिन्यांसाठी आलेल्या आजी-आजोबांना बोलावलं. त्यांना सांगितलं, शिकवू नका, नुसते बोला. एक आजी मुलांना मेथी निवडायला बसवतात. जुडी, देठ, कोवळी, जून हे शब्द आमच्या पुस्तकात नव्हतेच. एक सात वर्षांचा मुलगा साताऱ्याच्या आजोबांशी फोनवर 'हॅलो' म्हणून आईकडे फोन द्यायचा. परवा त्याने आजोबांना सांगितलं, "मेथी जून निघाली." आजोबांनी त्याला पाऊण तास सोडलं नाही.

आपल्या वर्गातले निम्मे आता आजी-आजोबा झालेत. कुणी ऑकलंडला मुलांकडे येणार असाल तर रविवार आमच्यासाठी राखून ठेवा. मराठीच्या बाईंना मी आधीच विचारलंय. "व्हिसा मिळाला तर येते," म्हणाल्यात.