मिसिसिपीच्या कड्यांवरची पायवाट

आज जाऊ या अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, मिसिसिपी नदीकाठच्या ‘एफिजी माउंड्स’ राष्ट्रीय स्मारकात. १९४९ साली या परिसराला हा दर्जा मिळाला.

पायथ्यापासून वाट वळणं घेत चढते. ओक, हिकरी आणि मेपलची दाट सावली असली तरी सुमारे शंभर मीटरचा हा चढ दम काढतो. माथ्यावर झाडी विरळ होते आणि फायर पॉइंटच्या कड्यावरून बेटांमधून फाटे फोडत जाणारी मिसिसिपी दिसते. शेवटच्या हिमयुगातल्या हिमनद्या या भागावरून सरकल्या नाहीत, म्हणून इथले उंच कडे आणि खोल घळी टिकून राहिल्या.

याच माथ्यावर मूलनिवासी लोकांनी रचलेले मातीचे उंचवटे आहेत. परिसरात ते २०० हून अधिक आहेत. काही गोल, काही लांबट, तर काही अस्वलाच्या आणि पक्ष्याच्या आकाराचे. ‘ग्रेट बेअर’ नावाचं अस्वल सुमारे ४२ मीटर लांब, पण उंची जेमतेम मीटरभर. हजारेक वर्षांपूर्वी माती वाहून आणून माणसांनी हे घडवलं. कित्येक उंचवट्यांत दफनंही आहेत, आणि या लोकांचे वंशज आजही ही भूमी पवित्र मानतात.

तेव्हा इथे गेलात तर पाय पायवाटेवरच ठेवा, उंचवट्यांवर चढू नका. हिवाळ्यात गेलात तर दुर्बीण जरूर न्या. नदीवर घिरट्या घालणारे पांढऱ्या डोक्याचे गरुड नक्की शोधा.