‘आढळला नाही’ म्हणजे ‘उरला नाही’ नव्हे
(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषण)



गणपतीच्या मांडवात एचआयव्हीचा विषय कशाला, असं काहींना वाटलं असेल. पण आम्ही प्रयोगशाळेतली माणसं रक्ताच्या नळीवर फक्त क्रमांक पाहतो. आडनाव पाहत नाही. शिवाय १९८६ साली चेन्नईत ज्यांच्या पुढाकाराने भारतातले पहिले एचआयव्हीबाधित आढळले, त्या डॉ. सुनीती सॉलोमन माहेरच्या गायतोंडे, मद्रासमधल्या मराठी घरातल्या. तेव्हा विषय परका नाही.

आम्हाला नेहमी विचारतात, “रिपोर्टमध्ये विषाणू आढळला नाही. आता गोळ्या थांबवल्या तर?”

नेहमीची तपासणी रक्तातल्या द्रवात फिरणारे विषाणू मोजते. गोळ्या नियमित घेतल्या, की ते मोजता येणार नाहीत इतके कमी होतात. पण हा विषाणू आपला मजकूर सीडी-४ नावाच्या पांढऱ्या पेशींच्या डीएनएमध्येच लिहून ठेवतो. त्यांतल्या काही पेशी वर्षानुवर्षं निपचित राहतात. तिथे औषधाची मात्रा चालत नाही. दूर्वा खुडल्या तरी मुळं जमिनीत असतात, तसंच हे.

म्हणून संशोधनात या पेशी रक्तातून वेगळ्या काढून दोन गोष्टी मोजतात. विषाणूचा डीएनए सांगतो, त्याने किती ठिकाणी ठाण मांडलं आहे. आरएनए सांगतो, तो कितपत जागा झाला आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध थांबवून, वरचेवर रक्त घेऊन हे मोजलं जातं. बहुतेकांच्या रक्तात काही आठवड्यांतच विषाणू पुन्हा दिसू लागतो. अमेरिकेतल्या मिसिसिपीत २०१० साली जन्मलेल्या एका बाळाचे उपचार सुमारे दीड वर्षाने थांबले. त्यानंतर सव्वादोन वर्षं विषाणू दिसला नाही, आणि २०१४ मध्ये तो परतला!

औषधाला अधूनमधून सुट्टी द्यावी का, हे ‘स्मार्ट’ या अभ्यासात ३३ देशांतल्या ५,४७२ रुग्णांवर तपासलं. औषध थांबवणाऱ्या गटात गंभीर संधिसाधू आजार किंवा मृत्यूचा धोका अडीचपटींहून अधिक निघाला. म्हणून जानेवारी २००६ मध्ये त्या गटालाही औषध पुन्हा सुरू करण्याचा निर्णय झाला. आज आम्ही “गोळ्या थांबवू नका” असं ठामपणे सांगतो, ते त्या माणसांनी स्वतःचा जीव धोक्यात घालून दिलेल्या उत्तरामुळे. त्यांची नावं आपल्याला कधीच कळणार नाहीत.

यातली चांगली बाजूही ऐका. नियमित औषधाने विषाणू सतत ‘न आढळण्याइतका’ राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. २००४ पासून सरकारी एआरटी केंद्रांत ही औषधं मोफत मिळतात. अडचण बहुधा गोळीची नसते. घरात ती लपवून घ्यावी लागते, ही असते. लपवता लपवता एक दिवस चुकतो, मग आठवडा.

ती गोळी आपल्या घरात उघडपणे, जेवणाच्या ताटाशेजारी ठेवता यावी, एवढंच आमचं मागणं आहे.

गणपती बाप्पा मोरया!