सुरांची कात्री कोणाच्या हाती?



 जिल्ह्यातील शिक्षकांच्या या मेळाव्यात अध्यक्षाने वर्षभरातील कार्याचा परामर्श घ्यावा असा शिरस्ता आहे. परंतु तो अहवाल छापून आपल्या हाती पडलेला असल्यामुळे, आणि चिटणिसांनी तो माझ्याहून नेटका लिहिला असल्यामुळे, मी त्या शिरस्त्यातून स्वतःची सुटका करून घेतो आणि नोकरीत असल्यापासून मनात घोळणाऱ्या एका तक्रारीकडे वळतो.

अलीकडे आपल्यापैकी अनेकांनी संगणकावर दोन गाणी एकमेकांत गुंफून त्यांचे मॅशअप करण्याची कला हस्तगत केली आणि पाढे, ऋतुचक्र, समास असे विषय त्यांत बसविले, ही गोष्ट कौतुकास्पद आहे. मात्र हे गाणे शिक्षक रात्री घरी तयार करतो, सकाळी वर्गात वाजवितो, आणि मुले टाळ्या पिटतात. तेव्हा शिकले कोण? लय जुळविताना, नको ती मात्रा छाटताना, एका गाण्याचा षड्ज दुसऱ्याच्या षड्जावर आणून बसविताना जी बुद्धी राबली ती गुरुजींची राबली. मुलांच्या वाट्याला केवळ श्रवण आले.

ही तक्रार वर्ध्यात करावी लागावी याचे मला विशेष वैषम्य वाटते. १९३७ च्या ऑक्टोबरात याच गावी महात्माजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिच्या विचारांना अभ्यासक्रमाचे रूप दिले, आणि हस्तोद्योग हा फावल्या वेळचा विषय नसून शिक्षणाचे माध्यम होय, सुताचे तार मोजता मोजता मुलाला गणित यावे, कापसाच्या मागोव्याने भूगोल यावा, ही दृष्टी सेवाग्रामच्या नई तालीमने देशापुढे ठेवली. टकळी गुरुजींनी फिरवावी आणि मुलांनी पाहत बसावे, असे त्या योजनेत कोठे होते? मग संगणकापुरताच हा उलटा न्याय का? धूळ बसू नये म्हणून संगणकांवर घातलेले अभ्रे मी पुष्कळ शाळांत पाहिले आहेत; खोलीची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात असते, तिच्यावर मात्र धूळही बसत नाही.

वस्तुतः गाणी जोडण्याच्या या उद्योगात गणित ओतप्रोत आहे. आठ मात्रांचा केरवा आणि सहा मात्रांचा दादरा एकाच गतीने एकदम सुरू केले, तर चोवीस मात्रा सरल्यावर दोघांची सम पुन्हा एकत्र येते. लसावि कानाने ऐकण्याचा दुसरा इतका सोपा मार्ग मला ठाऊक नाही. मिनिटाला ९६ ठोक्यांचे गाणे १२० वर न्यायचे तर गती शेकडा २५ ने वाढवावी लागते, परंतु १२० चे ९६ वर आणायचे तर शेकडा २० नेच कमी करावी लागते. हा फरक का पडतो, हे फळ्यावर समजावताना माझा घसा बसे, आणि येथे मूल आपणहून विचारते. पूर्वी ध्वनिफीत वेगाने फिरविली की आवाजही चिरका होई. आता ऑडॅसिटीसारख्या विनामूल्य साधनात स्वर न हलविता गती बदलता येते, म्हणजे गती आणि स्वर या दोन वेगळ्या राशी आहेत याचा पडताळा मुलाला स्वतःच घेता येतो.

अशा तोडजोडीने अभिरुची भ्रष्ट होते, असा आक्षेप सकाळच्या सत्रात आला. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले तेव्हा पदांना प्रचलित चाली लावल्या, आणि पुढे संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या माथ्यावर मूळ चालीचा हवाला देण्याचा प्रघातच पडला, हे येथे सांगता येईल. पण हा वाद माझ्यापुरता मिटला तो आर्वीकडील एका शाळेत. तेथील सहावीच्या मुलांनी एका आजीबाईंची जात्यावरची ओवी मोबाइलवर टिपून घेतली आणि तिच्याखाली गावच्या भजनी मंडळाची खंजिरी बसवू लागली. ओवी काही केल्या तालात बसेना, कारण आजीबाईंचा शेवटचा चरण आखूड पडे. एका मुलाने वैतागून तो चरण यंत्राने लांबविला. आजीबाईंनी ऐकले आणि म्हणाल्या, “कायले तानता माह्या ओवीले? थ्या जागी जातं बोलते, मी नाई.” मुलांनी चरण पूर्ववत केला, रिकाम्या मात्रांत जात्याची घरघर टिपून घातली, आणि ओवी खंजिरीवर चपखल बसली. ओवीचा अखेरचा चरण आखूड असतो हे वाक्य मी वर्गावर्गांतून वर्षानुवर्षे घोकून घेतले होते. त्या दिवशी ते मुलांनी ऐकले. ज्यांची अभिरुची यापेक्षा शुद्ध असेल त्यांना माझा दुरूनच नमस्कार.

दुसरे भय कायद्याचे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात शिक्षकाला वा विद्यार्थ्याला अध्यापनाच्या ओघात कृतीची नक्कल करण्याची मुभा आहे. ही तरतूद अध्यापनापुरती आहे, तयार गाणे समाजमाध्यमांवर चढविण्याचा परवाना नव्हे, एवढे भान ठेवले म्हणजे पुरे.

जिल्ह्यातील ओव्या, भजने आणि खेळगाणी ध्वनिमुद्रित करून त्यांचा संग्रह सर्व शाळांना खुला व्हावा, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. त्याची तजवीज कशी करावी हे कार्यकारिणीतील तरुण मंडळी ठरवतीलच. आठवड्यातून एक तास संगणकाची खोली मुलांच्या हवाली करण्याच्या ठरावाचा मसुदा दुपारच्या सत्रात आपल्यापुढे येईल. त्यात ‘शक्य असल्यास’ हे दोन शब्द कोणी घुसडू नयेत, एवढीच माझी विनंती आहे.